शी, शू, पाद, ढेकर : चित्रपुस्तकातून बोलूया



पहिलीच्या वर्गात कुणी पादलं की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. सगळा वर्ग हसतो, बोटं एकाकडे वळतात आणि ते मूल मान खाली घालतं. हसू दोन मिनिटांत संपतं, लाज मात्र राहते. मग काही मुलं करंगळी वर करायलाही घाबरतात. दिवसभर शू-शी दाबून धरतात, मुली तर पाणीच कमी पितात. शू रोखल्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. शी रोखली की मोठं आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं. ती कडक होते, दुखते, आणि दुखते म्हणून मूल आणखी रोखून धरतं.

यावर थेट उपदेश केला तर मुलं गप्प होतात. चित्रपुस्तकात मात्र हे सगळं हत्तीला नाहीतर उंदराला होत असतं. त्यामुळे मूल मोकळेपणी हसतं आणि हळूच स्वतःचंही सांगतं. जपानचे तारो गोमी यांनी १९७७ साली, सगळेच प्राणी शी करतात एवढ्याच गोष्टीवर एक चित्रपुस्तक काढलं. ते जगभर वाचलं गेलं. आपल्याकडे अशोक राजगोपालन यांच्या 'गजपती कुलपती'मध्ये हत्तीला सर्दी होते आणि तो शिंकतो. सुरुवात अशा शिंकेपासून करा, ती सगळ्यांत सोपी. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी चित्रपुस्तकं मोफत मिळतात.

पुस्तक मिळालं नाही तरी अडत नाही. आपली मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. गाईचं शेण, शेळीच्या लेंड्या, घोड्याची लीद, कोंबडीची विष्ठा! शेणाने अंगण सारवताना आपल्याला लाज वाटत नाही, मग माणसाचं नाव आलं की का वाटावी? मुलांना एकेका पानावर एकेक प्राणी काढू द्या, शेवटच्या पानावर माणूस. झालं वर्गाचं पुस्तक तयार.

वाचताना एवढं करा :

१. आधी पोटभर हसू द्या. रागावलात तर विषय तिथेच बंद होतो.

२. मग 'का?' विचारा. पोटातले जंतू वाल, चणे, डाळ असं न पचलेलं अन्न आंबवतात, त्यातून वायू होतो. तो सगळ्यांनाच होतो, गुरुजींनाही.

३. शब्द द्या. घरी 'शू', शाळेत 'लघवी'. शरीराच्या खाजगी अवयवांचीही नावं सांगा. ज्या मुलाकडे शब्द आहे, तेच दुखलं-खुपलं किंवा कुणी नको तिथे हात लावला तर सांगू शकतं.

४. वर्गातल्या कुणाचंही उदाहरण घेऊ नका. 'काल तुझी चड्डी ओली झाली होती ना?' हे तर कधीच नाही.

तिसरी-चौथीच्या मुलांना एक प्रश्न जरूर विचारा : ही शी जाते कुठे? गोसीखुर्दच्या मुलांसाठी हा पुस्तकी प्रश्न नाही. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि तिथून आपल्या धरणात येतं. उघड्यावर बसलं तर काय होतं, जंत कसे होतात, हात साबणाने का धुवायचे, हे सगळं इथूनच उलगडत जातं. २०१५ पासून शाळेत जंतनाशक गोळी मिळते. ती का घ्यायची, हेही मुलांना कळतं.

पालकांना मात्र आधी कल्पना द्या, नाहीतर 'शाळेत हेच शिकवता का?' असा निरोप येईल. शक्य असेल तर तेच पुस्तक घरी पाठवा. आजी-आजोबांनी वाचून दाखवलं तर फारच छान. शीत रक्त दिसत असेल, शू करताना जळजळत असेल किंवा मूल पुन्हा पुन्हा कपडे लपवत असेल, तर रागावू नका. त्याच्याशी शांतपणे बोला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

आणि पुस्तक वाचून झालं की शाळेच्या संडासाचं दार, कडी आणि पाणी बघून घ्या. जायला नीट जागाच नसेल, तर मूल पुन्हा दाबूनच धरणार.