दारू सुटेल, पण राहायचं कुठं?



हातकणंगल्याच्या एसटी स्टँडवर, रेल्वे स्टेशनच्या बाकड्यावर किंवा इचलकरंजीत एखाद्या बंद दुकानाच्या पायरीवर अशी माणसं तुम्ही बघितली असतील. मळका शर्ट, पायात चप्पल नाही, सकाळी सकाळीच हात थरथरतोय. आपण पदर सावरून पुढं जातो. सोबतची बाई म्हणते, "जाऊ दे वहिनी, त्यो काय सुधारायचा न्हाई." पण तो कुणाचा तरी भाऊ असतो, कुणाचा दीर असतो, कधी आपल्याच गटातल्या ताईचा नवरा असतो.

दारूचं दुकान बंद करायला बाटली आडवी कशी करायची, हे आपल्याला माहीत आहे. पण दुकान बंद झालं तरी ज्याला व्यसन जडलंय तो माणूस राहतोच. त्यातून त्याला घर नसेल, तर त्याचं काय करायचं, ते या लेखात बघू.

घर आधी सुटतं की व्यसन आधी लागतं?

दोन्ही होतं. एखादा मागावर काम करणारा पिऊन खाडे करतो, काम जातं, भाडं थकतं, घरात मारहाण होते आणि शेवटी तो स्टँडवर येतो. दुसरा परमुलखातून कामाला आलेला. त्याला पहिल्यापासूनच हक्काची खोली नाही. थंडी, डास, एकटेपणा, उद्याच्या कामाची खात्री नाही. झोप लागावी म्हणून तो पितो. उघड्यावर राहणाऱ्याला दारू सोडणं का अवघड जातं, ते इथं कळतं. दारू सोडली तर रात्र काढायची कशी?

देशातल्या व्यसनांची मोठी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांत एकालाच काही ना काही उपचार मिळाला होता, असं त्यात दिसलं. दवाखान्यात दाखल होऊन उपचार घेतलेला तर १८० जणांत एक. दारूची ही माहिती घरोघरी जाऊन घेतलेली होती. ज्याला घरच नाही, त्याच्यापर्यंत अशी पाहणी पोचणंही अवघड.

उपचाराच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी म्हणजे दारू उतरवणं. याला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर घाम येतो, थरथर सुटते, झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांत भास होऊन तो भ्रमिष्टासारखा वागू शकतो. यात जीवही जातो. म्हणून त्याला खोलीत कोंडून "बघू कशी सुटत नाही" असं करू नका. झटका आला किंवा भ्रम झाला तर १०८ ला फोन करा. चहातून गुपचूप औषध घालण्याचा उपायही नको. त्या औषधावर तो नकळत दारू प्याला तर जिवावर बेतू शकतं.

दुसरी पायरी म्हणजे राहून उपचार. पुण्याचं मुक्तांगण आपल्यापैकी पुष्कळजणींनी ऐकलेलं असेल. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं ते येरवड्याला सुरू केलं. तिथं ३५ दिवस राहावं लागतं. औषधं असतातच, पण त्याबरोबर वेळेवर उठणं, व्यायाम, वाटून घेतलेली कामं, गटात बसून मोकळं बोलणं आणि समुपदेशन असतं. पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. व्यसनी स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. बाईला व्यसन लागलं तर घरचे ते लपवतात आणि तिला लवकर बाहेर काढतात, म्हणून अशा विभागाची गरज जास्तच.

तिसरी पायरी म्हणजे परतीचा रस्ता. घर असलेला माणूस केंद्रातून घरी जातो. बेघर माणूस कुठं जाणार? परत त्याच बाकड्यावर, त्याच सोबत्यांत. मग महिनाभराची मेहनत दोन दिवसांत पाण्यात जाते आणि आपण म्हणतो, "बघा, सांगितलं नव्हतं?" खरं तर त्याला परत जायला जागाच नव्हती.

म्हणून बेघरांसाठी निवारा आणि उपचार एकत्र लागतात. दिल्लीत एसपीवायएम ही संस्था बेघर व्यसनी लोकांसाठी असं काम करते. आपल्याकडं कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रात डॉ. भरत वाटवानी रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणतात, बरं करतात आणि पत्ता शोधून घरी पोचवतात. त्या कामासाठी त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते काम मनोरुग्णांचं असलं, तरी त्यांची रीत आपल्याला शिकण्यासारखी आहे. आधी अंथरूण, जेवण, औषध आणि मग माणसांचा शोध.

कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांमुळं होणारे मानसिक त्रासही धरलेले आहेत. त्यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवा.

१. मानसिक आजारामुळं स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस भटकताना दिसला, तर त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात नेणं हे पोलिसांचं काम आहे. त्याला कोठडीत टाकता येत नाही.

२. तो बेघर असेल, तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घेणंही पोलिसांचंच काम.

३. कुणालाही साखळीनं बांधता येत नाही.

४. घर नाही किंवा घरचे घेत नाहीत, एवढ्याच कारणानं बऱ्या झालेल्या माणसाला दवाखान्यात ठेवून घेता येत नाही. त्याच्यासाठी दवाखाना आणि घर यांच्या मधली निवासाची सोय करणं ही सरकारची जबाबदारी आहे. ती आपण मागितली पाहिजे.

बायकोनं त्याला घरात घ्यायचंच का?

गटातल्या एखाद्या ताईनं रोजच्या माराला कंटाळून नवऱ्याला बाहेर काढलं असेल, तर तिला बोल लावू नका. त्याला उपचार मिळावेत असं तिला वाटू शकतं आणि त्याच वेळी त्याची भीतीही वाटू शकते. दोन्ही खरं आहे. त्याला बरं करण्याचा सगळा भार तिच्या एकटीच्या अंगावर टाकायचा, हा न्याय नाही. तो राहून उपचार घेईल, पुढं काही महिने दुसरीकडं राहून काम करेल आणि मग काय ते ती ठरवेल. मारहाण होत असेल तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे.

आपला गट काय करू शकतो?

• १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत फोन आहे. जवळचं अनुदानित केंद्र कोणतं, ते तिथं विचारा. मनाच्या त्रासासाठी टेली-मानस, १४४१६. कोल्हापूरला सीपीआरमध्येही मानसोपचार विभाग आहे.

• खासगी केंद्रात भरती करण्याआधी विचारा: नोंदणी आहे का? डॉक्टर कधी येतात? भेटायला देतात का? खर्च किती, मोफत जागा आहे का? माणसाला जबरदस्तीनं गाडीत घालून नेणाऱ्यांपासून लांब राहा. असल्या भरतीसाठी गटाचं कर्ज काढू नका.

• भरती करतानाच सुटीचं ठरवा. त्या दिवशी आणायला कोण जाणार? झोपायला जागा कुठं? काम काय? आधार कार्ड, बँक खातं आहे का? ही चार उत्तरं ग्रामसंघाच्या बैठकीत काढा आणि लिहून ठेवा.

• परत आल्यावर "किती दिवस टिकतंय बघू" असं त्याच्या तोंडावर म्हणू नका. घसरला तर परत उपचाराला न्या. साखरेचा आजार बळावला म्हणून आपण पेशंटला सोडून देतो का?

पहिल्यांदा दहा रुपये बचत टाकताना आपल्यालाही कुणी तरी म्हणालं होतं, "हे काय चालायचं न्हाई." गट चालला, कारण दर आठवड्याला बसायला एक जागा होती आणि वाट बघणारी माणसं होती. स्टँडवरच्या त्या माणसालाही हेच दोन्ही लागतं. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या.