खळं: कोकणी घराची बिनभिंतींची खोली

पाऊस सरला की कोकणात घरापुढच्या खळ्याची कामं निघतात. तीनेक हजार मिलिमीटर पावसाने धुपलेली जमीन खणून सपाट करायची, पाणी शिंपून लाकडी चोपण्याने चोपायची, मग शेणाने सारवायची. वर बांबूचा मांडव आणि त्यावर माडाच्या झावळ्या. तुळशीच्या लग्नापर्यंत अंगण तयार! भात वाळवण्यापासून रात्रीच्या गप्पांपर्यंत सगळं इथेच.

आता अनेक ठिकाणी सारवणाच्या जागी सिमेंट आणि पेव्हर ब्लॉक आले आहेत. झाडलोट सोपी झाली, पण उन्हात फरशी तापते आणि पावसाचं पाणी मुरायचं सोडून वाहून जातं.

यात मधला मार्ग आहे. वावराच्या वाटेपुरते जांभे चिरे अंतर सोडून बसवावेत, फटींत गवत वाढू द्यावं. घरापासून बाहेरच्या बाजूला दर मीटरमागे एक-दोन सेंटिमीटर उतार ठेवला, की जोत्याशी पाणी साचत नाही. पश्चिमेला, भिंतीपासून पुरेसं लांब, आंब्या-फणसाचं झाड दुपारचं ऊन अडवतं. न्हाणीच्या सांडपाण्यावर केळ फोफावते.

आणि तुळशीवृंदावनाभोवती अबोली, अनंत, जास्वंद असली, तर पूजेची फुलं दारातच मिळतात.