मळीच्या सिमेंटाचे आकुंचन
रायपूरच्या पश्चिमेस भिलाई येथे 1959 साली पहिली झोतभट्टी सुरू झाली. तिच्यातून लोखंडाबरोबर धातुमळीही निघते. ही मळी पाण्याने झटकन थंड करून दळली व तीत कॉस्टिक सोडा किंवा सोडियम सिलिकेटचा द्राव मिसळला, की चुनखडी न भाजताही ती दगडासारखी घट्ट होते. दोष मात्र मोठा आहे: सुकताना ती नेहमीच्या सिमेंटाहून पुष्कळ अधिक आकसते व तडकते. तिची छिद्रे अतिसूक्ष्म असतात. पाणी आटू लागले म्हणजे उरलेल्या पाण्याचा पृष्ठताण छिद्रांच्या भिंती आत ओढतो. छिद्र जितके अरुंद, तितकी ओढ जबर. पॉलिप्रॉपिलीन ग्लायकोलसारखे द्रव्य अल्प प्रमाणात मिसळल्यास पृष्ठताण घटतो व आकुंचन कमी होते. परंतु घट्ट होण्यास विलंब लागू शकतो. तेव्हा रायपूरच्या उन्हाळ्यात ओले गोणपाट लवकर काढून चालणार नाही.