नाईलचा पूर गेला, आणि त्याबरोबर समुद्रातला बहर

१९६० साली आस्वानच्या उंच धरणाची पायाभरणी झाली. त्याच वर्षी अलेक्झांड्रियाचे संशोधक युसुफ हलीम यांनी नाईलच्या मुखाशी पुराबरोबर येणाऱ्या सूक्ष्म शैवलांच्या बहरावर निबंध प्रसिद्ध केला. हा योग मला फार मोलाचा वाटतो. कारण १९६४ नंतर तसा पूर समुद्राला मिळालाच नाही.

ऑगस्ट ते ऑक्टोबर इथिओपियाच्या डोंगरांतला गाळ घेऊन नाईल गढूळ वाहायची. उजेड आत शिरत नसे, त्यामुळे नदीतली शैवलं तेवढा काळ रोडावत. समुद्रात मात्र गाळ खाली बसे, पाणी निवळे आणि नदीने आणलेल्या नायट्रोजन, फॉस्फरस, सिलिकावर डायटम फोफावत. डायटमची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कुंकवाच्या करंड्यासारखी दिसते. काचेसारख्या सिलिकाचे दोन भाग, एकावर दुसरा झाकण होऊन बसलेला, अंगावर बारीक छिद्रांची नक्षी. पेशी दुभंगली की दोघींच्या वाट्याला एकेक भाग येतो, उरलेला नव्याने घडवावा लागतो. पाण्यात विरघळलेली सिलिका नसली की तिथेच वाढ खुंटते.

या बहरावर तारलीच्या जातीची सार्डिन मासळी थव्यांनी यायची. १९६२ मध्ये इजिप्तच्या कोळ्यांना ती सुमारे १८ हजार टन मिळाली. १९६८ मध्ये पाचशे टनही नाही.

नदीत उलटंच घडलं. गाळ धरणामागे अडला, खालचं पाणी नितळ झालं आणि शैवलं बारमाही वाढू लागली. वर सुमारे ५०० किलोमीटर लांबीच्या संथ, उबदार जलाशयात नील-हरित शैवलांचे थर दिसू लागले.

१९८०च्या दशकात मासळी परतली. अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ स्कॉट निक्सन यांनी २००३ मध्ये त्याचं श्रेय मुख्यतः शेतातल्या खतांना आणि शहरांच्या सांडपाण्याला दिलं. हे पटण्यासारखं आहे, पण याला नाईल सावरली असं मला म्हणवत नाही. खत-सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस भरपूर येतात, सिलिका त्या प्रमाणात येत नाही. शिवाय गटारं वाहतात ती बारा महिने, पुराच्या हंगामाशी त्यांचा संबंध नसतो. टनांच्या आकड्यात हा फरक दिसत नाही.

निळ्या नाईलवरचं इथिओपियाचं नवं धरण २०२० पासून भरू लागलं. वाद झडतात ते घनमीटरांवरून. हलीम यांच्यासारखी शैवलांची नोंद तिथे प्रत्येक हंगामात, धरणाच्या वरही आणि खालीही व्हायला हवी.