सुगंधी तेले आणि ॲलर्जी : उपाय किती, अपाय किती?

लेकराला सर्दी झाली की ओवा आणि कापूर फडक्यात बांधून ती पुरचुंडी हुंगायला द्यायची, अंगावर गांधी उठल्या की "पित्त उठले" म्हणून आमसुलाचे पाणी चोळायचे, हे आपल्या घरोघरी चालत आले आहे. आता त्याच्या जोडीला छोट्या बाटल्यांतील सुगंधी तेले आली आहेत. शिंका, खाज, दमा, सारे त्यांनी बरे होते असे विकणारे सांगतात. यात तथ्य किती, हे प्रस्तुत लेखात आम्ही पाहणार आहोत.

ही तेले आपल्या शेंगदाण्याच्या वा करडईच्या तेलासारखी नसतात. कागदावर शेंगदाणा तेलाचा थेंब टाकला तर डाग राहतो. शुद्ध निलगिरी तेलाचा थेंब टाकला तर तो थोड्या वेळाने उडून जातो. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. पाने, फुले, साली यांतून वाफेच्या साहाय्याने ही बाष्पनशील तेले काढतात. एकेका तेलात अनेक रसायने असतात. ओव्यात थायमॉल, लवंगेत युजेनॉल, निलगिरीत सिनिओल ही त्यांतील मुख्य होत.

आता ॲलर्जी म्हणजे काय ते पाहू. हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने योजला. आपल्याकडे त्याला "वावडे" असा सुंदर शब्द आहे. परागकण, धुळीतील सूक्ष्म किडे, शेंगदाणा अशा निरुपद्रवी वस्तूला काहींचे शरीर शत्रू समजते व तिच्याविरुद्ध विशिष्ट प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे मास्ट पेशींवर चिकटून बसतात. तीच वस्तू पुन्हा आली की या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन बाहेर टाकतात. त्यानेच खाज सुटते, गांध उठते, नाक वाहते. म्हणजे "पित्त उठले" असे आपण म्हणतो तेव्हा यकृतातील पित्ताचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

या साखळीत तेल कोठे काम करू शकेल? ऑस्ट्रेलियात टी-ट्री नावाचे झाड आहे (आपल्या चहाशी त्याचे नाते नाही). २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील एका प्रयोगात २७ स्वयंसेवकांच्या हातावर हिस्टामिन टोचून गांध उठवली. ज्यांना नंतर या झाडाचे तेल लावले त्यांची सूज कमी झाली. परंतु येथे हिस्टामिन सुईने दिलेले होते, खऱ्या ॲलर्जीतून आलेले नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. कोरियातील शास्त्रज्ञांनी १९९९ साली लॅव्हेंडर तेल उंदरांवर वापरले, तेव्हा मास्ट पेशींतून हिस्टामिन सुटणे कमी झाले. उंदरांचे ठीक आहे. माणसांचे त्यावरून ठरत नाही.

सर्वांत दखल घेण्याजोगा प्रयोग जर्मनीतला, २००३ सालचा. स्टेरॉइडच्या गोळ्यांवाचून ज्यांचे भागत नव्हते अशा दम्याच्या ३२ रुग्णांपैकी काहींना निलगिरीतील शुद्ध सिनिओल २०० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, बारा आठवडे दिले. त्यांच्या स्टेरॉइडची मात्रा सरासरी ३६ टक्क्यांनी कमी करता आली. निव्वळ बनावट गोळी घेणाऱ्यांची फक्त ७ टक्क्यांनी. रुग्ण थोडे होते, आणि दमा नेहमी ॲलर्जीचाच असतो असेही नाही. शिवाय ते मोजून दिलेले शुद्ध द्रव्य होते, बाजारातील बाटली नव्हे.

पुदिन्याच्या अर्काची गोष्ट निराळी. तो हुंगला की नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्ष मोजणी केली तेव्हा नाकातील हवेची वाट तेवढीच अरुंद आढळली. मेंथॉल थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते, एवढेच. आराम वाटतो, पण चोंदलेले नाक चोंदलेलेच राहते.

आणि हीच तेले उलटूही शकतात. लॅव्हेंडरमधील लिनालूल आणि संत्र्याच्या सालीतील लिमोनीन हवेच्या संपर्काने बदलतात व त्यांतून तयार होणारी द्रव्ये त्वचेला वावडी ठरतात. अर्धी रिकामी, वर्षभर उघडी पडलेली बाटली म्हणूनच ताज्या बाटलीपेक्षा धोक्याची! युरोपात सौंदर्यप्रसाधनांवर अशा २६ वासद्रव्यांची नावे छापणे २००५ पासून सक्तीचे झाले. २०२३ मध्ये ती यादी आणखी वाढवली. दम्याच्या काही रुग्णांना तर नुसत्या उग्र वासानेच धाप लागते.

लहान मुलांच्या बाबतीत आम्ही आग्रहाने सांगतो. कापूर किंवा निलगिरी तेल थोडेसे जरी पोटात गेले तरी मुलाला आकडी येऊ शकते. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ कापूर वा पुदिन्याचा अर्क लावू नये, श्वास अडखळतो. आणि काही खाल्ल्यावर किंवा गांधीलमाशी चावल्यावर ओठ, घसा सुजला, धाप लागली, चक्कर आली, तर तेल चोळत बसू नये. अशा वेळी ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शनच प्राण वाचवते. ताबडतोब दवाखाना गाठावा.

मग वनस्पतींपासून ॲलर्जीवर औषध मिळतच नाही काय? मिळाले आहे. आपला ओवा ज्या कुळातला, त्याच कुळातली 'खेल्ला' नावाची वनस्पती इजिप्तकडे दम्यावर वापरत. तिच्यातील खेलिन या द्रव्याच्या धर्तीवर (हे द्रव्य बाष्पनशील तेलातले नव्हे) इंग्लंडमध्ये नवनवी संयुगे बनवली गेली. रॉजर अल्टुनियन हे डॉक्टर स्वतः दमेकरी. गिनीपिगच्या केसांचे त्यांना वावडे होते. त्या केसांचा अर्क हुंगून ते मुद्दाम स्वतःला दम्याची उबळ आणवीत आणि एकेक संयुग स्वतःवर तपासून पाहत. असे शेकडो वेळा केल्यावर १९६५ साली सोडियम क्रोमोग्लायकेट हाती लागले. मास्ट पेशींना हिस्टामिन सोडू न देणारे हे औषध ॲलर्जीने चुरचुरणाऱ्या डोळ्यांत थेंबांच्या रूपाने आजही घालतात.