भंडारदऱ्याचा काजव्यांचा मुक्काम

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. राज्यातले सर्वोच्च शिखर, 1646 मीटरचे कळसूबाई, याच परिसरात. प्रवरेवरच्या भंडारदरा धरणाच्या जलाशयाकाठी, मुतखेल-रतनवाडीच्या बाजूला तंबूंचे मुक्काम असतात. मुलांबाळांसह एक रात्र घालवायला मे अखेर ते पाऊस जोर धरेपर्यंतचे दिवस सर्वांत उत्तम, कारण तेव्हा काजवे निघतात.

काजव्याच्या पोटातले ल्युसिफेरिन हे द्रव्य ल्युसिफेरेज या विकराच्या मदतीने ऑक्सिजनशी संयोग पावते आणि उजेड पडतो. त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. ही उघडमीट जोडीदाराला दिलेली खूण असते. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारो काजवे एका लयीत लुकलुकतात, आणि अख्खे झाड पेटते-विझते. हे दृश्य मुलांनी एकदा तरी पाहावेच. अळ्या मात्र ओल्या मातीत राहून गोगलगायी खातात. प्रौढ काजव्याचे आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचे.

तंबू पाण्यापासून दूर, उंचवट्यावर लावावा. वळवाची सर केव्हाही येते. पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट, कोरडे अंथरूण आणि लाल कागद लावलेली विजेरी जवळ असावी. प्रवेशशुल्क वनखात्याच्या नाक्यावर भरावे लागते.

गाडीचे दिवे आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश काजव्यांच्या खुणा पुसतात, झाडाखालच्या गर्दीत माद्या चिरडल्या जातात. म्हणून दिवे बंद ठेवा, पायवाट सोडू नका आणि काजवे बाटलीत भरू नका.