सॅटनॅव, एअरकोड आणि आयर्लंडच्या पाणंदी

आयर्लंडमध्ये गाड्या डाव्या बाजूने चालतात आणि चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे महाराष्ट्रातून आलेल्या माणसाचा हात स्टिअरिंगवर लवकर बसतो. अडते ते पत्त्याशी. शहर मागे पडले की घरांना क्रमांक नसतात आणि रस्त्यांना नावाच्या पाट्या नसतात. पत्त्यात घरच्यांचे आडनाव, ‘टाउनलँड’चे नाव आणि काउंटी एवढेच असते. टाउनलँड म्हणजे जमिनीची जुनी वाटणी. अशा वाटण्या बेटावर साठ हजारांहून अधिक आहेत. कोकणात वाडीच्या नावावर पत्र पोचते, तसाच हा प्रकार. असा पत्ता पोस्टमनला पुरतो, यंत्राला पुरत नाही. म्हणून गाडीसाठी सॅटनॅव, म्हणजे उपग्रहांच्या मदतीने वाट दाखवणारे यंत्र, घेताना पडद्याचा आकार नंतर पाहावा, यंत्राला या देशाचे पत्ते कळतात का ते आधी पाहावे.

फोन असताना वेगळे यंत्र कशाला?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा संकेत पकडायला मोबाइलचे नेटवर्क लागत नाही. जागा ठरवायला किमान चार उपग्रह दिसावे लागतात: तिघांवरून ठिकाण निघते, चौथ्यामुळे यंत्राच्या घड्याळातली चूक भरून निघते. नेटवर्क लागते ते नकाशा उतरवून घ्यायला. डोनेगल, मेयो, केरी इथल्या डोंगरांत ते मधेच जाते, आणि नकाशा आधी उतरवलेला नसेल तर फोन नवी वाट शोधू शकत नाही. सॅटनॅवमध्ये सगळा नकाशा आतच असतो.

वर्षातून दोनदा फिरायला जाणाऱ्याने निघण्यापूर्वी फोनवर त्या भागाचा नकाशा साठवला तरी काम भागते. दर आठवड्याला लांब जाणाऱ्याला किंवा फोन कामासाठी मोकळा हवा असणाऱ्याला वेगळे यंत्र उपयोगी पडते.

दुकानात काय तपासावे

- आपल्या घराचा एअरकोड (आयर्लंडमधला पत्त्याचा कोड) तिथेच टाकून पाहावा. यंत्राने आपले दार दाखवले, तर पहिली परीक्षा पार पडली.
- नकाशात आयर्लंड आणि ब्रिटन दोन्ही हवेत, कारण उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये आहे. भारतातून यंत्र आणत असाल तर त्यात इकडचा नकाशा आहे का, हे आधी विचारावे.
- नकाशाची नवी आवृत्ती किती वर्षे फुकट मिळेल आणि ती वायफायवर उतरते की संगणकाला जोडावे लागते, हे गार्मिन असो वा टॉमटॉम, खोक्यावर वाचून घ्यावे.
- जीपीएससोबत युरोपची गॅलिलिओ यंत्रणा चालत असेल तर उत्तम. जास्त उपग्रह दिसले की उंच इमारतींच्या गल्लीत किंवा दरीत जागा कमी चुकते.

सात अक्षरांचा पत्ता

१३ जुलै २०१५ पासून आयर्लंडमध्ये ‘एअरकोड’ सुरू झाला. भारतातला पिनकोड सगळ्या भागाचा असतो, एअरकोड मात्र प्रत्येक पत्त्याचा स्वतंत्र असतो. आयरिश संसदेचा कोड डी०२ एक्सआर२०. पहिली तीन अक्षरे भाग सांगतात, पुढची चार नेमका पत्ता. शेजारच्या दोन घरांचे कोड मुद्दामच ओळीने दिलेले नाहीत, त्यामुळे शेजाऱ्याच्या कोडवरून आपला ओळखता येत नाही. एक अक्षर चुकले तरी गाडी भलत्याच दारी जाऊ शकते.

सारख्या नावांच्या गावांत कोडची किंमत कळते. ब्लॅकरॉक डब्लिनमध्ये आहे, लाऊथ काउंटीत आहे आणि कॉर्कमध्येही आहे. कोडची सुरुवात ए९४, ए९१ की टी१२, हे पाहिले की कोणते ब्लॅकरॉक ते लगेच उलगडते.

यंत्र कोड घेत नसेल तर फोनच्या नकाशावरून अक्षांश-रेखांश काढून टाकावेत. इथे एक सवय आड येते. भारताचे रेखांश पूर्वेचे, आयर्लंडचे पश्चिमेचे. डब्लिनच्या ५३.३५ उत्तर, ६.२६ पश्चिम या आकड्यांत ‘पश्चिम’ऐवजी ‘पूर्व’ पडले, तर यंत्र नेदरलँड्सच्या उत्तर टोकाकडे निघते.

पाटीवरचे नाव आणि पडद्यावरचे नाव

बहुतेक पाट्यांवर आयरिश आणि इंग्रजी ही दोन्ही नावे असतात. आयरिश बोलल्या जाणाऱ्या ‘गेलटाक्ट’ भागांत मात्र २००५ पासून दिशादर्शक पाट्यांवर फक्त आयरिश नावे आली. पडद्यावर ‘डिंगल’ आणि पाटीवर ‘अन डँगन’ दिसले तर वाट चुकली असे समजू नये. निघण्यापूर्वी मुक्कामाच्या गावाचे आयरिश नाव लिहून घ्यावे.

सर्वांत जवळची वाट निवडू नये

यंत्रात ‘कमी अंतर’ आणि ‘कमी वेळ’ असे दोन पर्याय असतात. आयर्लंडमध्ये ‘कमी वेळ’च ठेवावा. ‘कमी अंतर’ निवडले की यंत्र ‘बोरीन’मध्ये घुसवते. बोरीन म्हणजे आपली पाणंद: दोन्ही बाजूंना कुंपण, मध्ये गवताची हिरवी पट्टी आणि एकच गाडी मावेल एवढी रुंदी. आयरिशमध्ये रस्त्याला ‘बोहर’ म्हणतात, त्या शब्दाचे नाते गायीच्या नावाशी आहे. बोरीन हे त्याचेच छोटे रूप. समोरून ट्रॅक्टर आला तर कोणाला तरी मागे जावे लागते. कच्चे रस्ते टाळण्याची सोय असेल तर तीही चालू करावी.

७ फेब्रुवारी २०२५ पासून ग्रामीण स्थानिक रस्त्यांवरची सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी ८० वरून ६० किलोमीटर झाली. जुना नकाशा अजून ८० दाखवत असेल. पडदा आणि पाटी यांत फरक दिसला तर पाटी खरी मानावी.

सीमा ओलांडताना

डब्लिनहून बेलफास्टला जाताना एम१ महामार्ग न्यूरीजवळ ए१ होतो. वाटेत चौकी नाही. खूण एवढीच की रस्त्याकडेची पिवळी रेघ पांढरी होते आणि वेगाचे आकडे किलोमीटरऐवजी मैलांत येतात. तिकडचे ६० म्हणजे ताशी सुमारे ९७ किलोमीटर. परतताना मैल-किलोमीटरची गल्लत उलटी आणि जास्त धोक्याची ठरते: दक्षिणेतले १०० मैलांचे समजले तर गाडी ताशी १६० किलोमीटरवर जाईल. काही यंत्रे एकक आपोआप बदलतात, काहींत हाताने बदलावे लागते. हे घरीच पाहून ठेवावे.

टोल, बोगदा, फेरी

डब्लिनला वळसा घालणाऱ्या एम५० वर २००८ पासून टोलनाका नाही. कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो आणि पैसे दुसऱ्या दिवशी रात्री आठपर्यंत भरायचे असतात. यंत्राने टोल सांगितला आणि नाका दिसला नाही, तरी टोल लागलेला असतो. भाड्याच्या गाडीचा टोल कोण भरणार, हे किल्ली घेतानाच विचारावे.

सुमारे साडेचार किलोमीटरच्या डब्लिन बोगद्यात उपग्रहाचा संकेत पोचत नाही. बाहेर पडल्यावर कुठे वळायचे ते आत शिरण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

क्लेअरमधल्या किलिमरहून केरीतल्या टार्बर्टला फेरीबोटीने शॅनन नदी वीसेक मिनिटांत पार होते. यंत्रात ‘फेरी टाळा’ चालू राहिले तर तेच यंत्र लिमरिकवरून शंभरहून अधिक किलोमीटरचा वळसा दाखवते.

पडदा कुठे, हात कुठे

यंत्र काचेच्या खालच्या कोपऱ्यात लावावे; समोरचा रस्ता आणि पायी चालणारा माणूस त्याच्यामागे झाकला जाऊ नये. फोनच वापरत असाल तर तो पकडीत बसवावा. गाडी चालवताना फोन हातात धरला तर १२० युरो दंड आणि परवान्यावर तीन गुण लागतात. पत्ता गाडी उभी असतानाच भरावा, पुढे आवाजावर विसंबावे. थांबल्यावर यंत्र काढून घ्यावे आणि काचेवरचा चोषकाचा गोल डाग पुसावा, कारण त्या डागावरून आत यंत्र असल्याचे चोराला कळते.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी यजमानांना फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात: एअरकोड आणि दारापाशची एखादी खूण, म्हणजे चर्च, पूल किंवा फाटकाचा रंग. दोन्ही कागदावर उतरवून गाडीत ठेवावे. रात्रीच्या पावसात शेवटच्या दोनशे मीटरांवर यंत्र ‘पोचलात’ म्हणते आणि समोर नुसते कुंपण दिसते. त्या वेळी फाटकाचा रंग माहीत असेल तर भलत्याच अंगणात गाडी घालावी लागत नाही.